स्ग्राफितो करताना या चुका टाळा: बिघडवते ती ओल

नारळाची वडी कधी पाडायची हे ज्याला कळतं, त्याला स्ग्राफितो अर्धं आलंच म्हणून समजा. ताटात थापलेलं सारण गरम असताना सुरी फिरवली तर चिकटतं, पार गार झाल्यावर फिरवली तर कडा ढासळतात. मधली काही मिनिटं खरी. मातीच्या कच्च्या भांड्यावर रंगीत स्लिपचा, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पातळ मातीचा, थर द्यायचा आणि तो खरवडून खालची माती नक्षीत दाखवायची, एवढंच हे तंत्र. नावही इटालियनमधल्या ‘खरवडणे’ या अर्थाच्या शब्दावरून पडलेलं. पण नक्षी बिघडली की शिकणारे दोष टूलला देतात आणि महागडा संच घेऊन येतात. माझी निम्मी नक्षी अजूनही रिकाम्या बॉलपेनने होते.

स्लिपचे पापुद्रे सुटतात

माझा पहिला काळा-पांढरा मग बिस्कमधून, म्हणजे ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीतून, निघाला तेव्हा काठाजवळची स्लिप जुन्या भिंतीच्या रंगासारखी सुटून आली होती. कारण साधं होतं: भांडं दोन दिवस उघड्यावर राहून पांढरं पडलं होतं, आणि मी त्यावर स्लिप लावली. वाळताना माती साधारण पाच-सहा टक्के आकसते. भांड्याचं आकसणं उरकलेलं आणि वरच्या थराचं अजून व्हायचंय, मग तो थर धरून राहणार कसा? स्लिप लावायची ती लेदर-हार्ड असताना. म्हणजे भांडं हाताला गार लागतं, पण दाबल्यावर बोट उमटत नाही.

दुसरं कारण मातीची जात. पांढऱ्या स्टोनवेअरवर (जास्त तापमानाला भाजायची माती) कुठलीतरी विकतची स्लिप लावण्यापेक्षा त्याच मातीचं ट्रिमिंगचं (भांडं तासताना निघालेलं) भुसकट वाळवा, भिजवा आणि 80 मेशच्या चाळणीतून गाळा. 100 ग्रॅम सुक्या मातीला 8 ते 10 ग्रॅम काळा स्टेन (मातीत मिसळायची रंगाची पूड) पुरतो. दोन्हींचं आकसणं जवळपास सारखं राहतं. लाल मातीवर पांढरी स्लिप हवी असेल तर हा उपाय चालत नाही. तिथे चायना क्ले आणि बॉल क्ले या फिक्या रंगाच्या मातींची वेगळी स्लिप करून आधी नमुन्याच्या तुकड्यावर भाजून बघा.

स्लिप सायीइतकी दाट असावी. एका जाड थरापेक्षा मऊ ब्रशने दोन-तीन पातळ हात द्या, आधीच्या हाताची ओली चकाकी गेल्यावरच पुढचा. आतून-बाहेरून एकाच दिवशी मात्र लावू नका. पातळ भिंतीचा वाडगा तेवढं पाणी पिऊन बसकण मारतो, आणि मग काही केल्या उभा राहत नाही.

रेघ फाटते किंवा लडबडते

थरावर बोट टेकवून पाहा. काळं लागलं तर थांबा. लागलं नाही तर तळाशी एक छोटी रेघ ओढा. माती गाजराच्या किसासारखी सलग सुटली, की वेळ झाली. चिखल टूलला चिकटत असेल तर घाई झाली, भुगा उडत असेल तर उशीर.

हा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो, आणि परदेशी व्हिडिओंतले ‘दोन तास ठेवा’ आपल्याकडे फसतात ते यामुळेच. जुलैत कोकणात भांडं दोन दिवस तसंच ओलं बसतं. मे महिन्यात नागपूरला चहा घेऊन येईपर्यंत काठ पांढरा होतो. यावर ओलाव्याचा डबा करून ठेवा. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला दोन-तीन सेंटीमीटर प्लास्टर ओता, घट्ट झाल्यावर त्याला पाणी पाजा. या डब्यात भांडं आठवडाभरही नक्षीजोगं राहतं. काठ जरा सुकला असेल तर रात्रभर डब्यात ठेवा. स्प्रेने पाणी मारू नका, स्लिप ओघळते. पूर्ण पांढरं पडलेलं भांडं मात्र परत भिजवून माती करणंच बरं.

खोल कोरण्याचा मोह आवरा. फक्त स्लिप निघायला हवी; खोल चरात ग्लेझ, म्हणजे वरून द्यायचा काचेसारखा लेप, साचतं. नक्षी आधी पेन्सिलीने काढली तरी चालते, भट्टीत ती जळून जाते. आणि सगळं भांडं रेघांनी भरून टाकू नका. काळं सलग राहू दिलेलं बघायला बरं वाटतं, पण हे माझं मत.

कुसळं आणि धूळ

रेघेच्या काठावर मातीची कुसळं उठतात. ती ओल्या हाताने पुसायला जाल तर सगळी नक्षी धुरकट होईल. फुंकर तर अजिबात नको. मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. कुसळं तशीच राहू द्या, भांडं सुकल्यावर एन-95 मास्क लावून मऊ ब्रशने हलकेच काढा, जमीन ओल्या फडक्याने पुसा. बिस्कनंतरही टोचत असतील तर पाण्याखाली वॉटर पेपर फिरवा.

मिशिमा, मेण, ट्रेलिंग

मिशिमा म्हणजे उलटा प्रकार: चर कोरून त्यात स्लिप भरायची. कोरियातल्या गोर्यो काळातल्या, बाराव्या शतकातल्या सेलाडॉनवर (हिरवट ग्लेझच्या भांड्यांवर) ही कला शिगेला पोचली होती. नेहमीची चूक म्हणजे भरल्याबरोबर ओल्या स्पंजने पुसणं. स्लिप वाळताना चरात खाली बसते, म्हणून दोनदा-तीनदा भरा आणि घट्ट झाल्यावर स्टीलच्या पत्तीने खरवडा.

स्लिप किंवा ग्लेझ बसू नये तिथे मेण लावतात. त्याचा थेंब नको तिथे पडला तर तो बिस्कमध्ये जळल्याशिवाय जात नाही. ब्रश मेणात बुडवण्याआधी भांड्यांच्या साबणात बुडवा, म्हणजे नंतर धुता येईल. ट्रेलिंगची, म्हणजे टोकदार नळीतून स्लिपची रेघ सोडायची, बाटली हलवू नका. मेंदीच्या कोनात हवा राहिली की फुस्स होऊन डाग पडतो, तसंच इथे.

ग्लेझखाली नक्षी हरवते

पारदर्शक ग्लेझ जाड बसलं की दुधाळ होतं आणि काळ्यावर ते लगेच दिसतं. बिस्क ओल्या स्पंजने पुसून सुकवा, नाहीतर धुळीमुळे ग्लेझ जागोजागी आकसतं. मग दोन-तीन सेकंदांची एकच बुडी. हिरवा रंग क्रोमचा असेल आणि ग्लेझमध्ये झिंक असेल, तर हिरव्याचा तपकिरी होतो. म्हणून त्याच मातीची, त्याच स्लिपची एक पट्टी करा, अर्ध्या भागावर ग्लेझची एक बुडी आणि अर्ध्यावर दोन, आणि भांड्याच्या आधी ती पट्टी भाजून घ्या.