फ्लॅटचा खरा बाजारभाव कसा काढावा

घर विकायचं ठरलं की पहिला आकडा शेजारून येतो. "मागच्या बिल्डिंगमधला टू बीएचके एक कोटी दहाला गेला म्हणे." दुसरा आकडा एजंट सांगतो आणि तिसरा मोबाइलवरच्या जाहिरातीत दिसतो. यातला एकही बाजारभाव नव्हे. तुमच्यासारखा फ्लॅट तुमच्या आसपास गेल्या वर्षभरात कुणीतरी पैसे मोजून घेतला आणि त्याचा दस्त नोंदवला, तर त्या दस्तातला आकडा म्हणजे बाजारभाव. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागात नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या घरांसाठी मी हा हिशोब बरीच वर्षं करते आहे. पद्धत महाराष्ट्रात कुठेही हीच.

पहिली पायरी: कागद

करारनामा, स्वतःचा इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा रकान्यांतला सारांश), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी) आणि मंजूर नकाशा एका फाइलमध्ये आणा. मोजायची टेप घ्या आणि फ्लॅट स्वतः मोजा.

दुसरी पायरी: रेडी रेकनर पाहा आणि बाजूला ठेवा

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्या भागाचा दर मिळेल. तो स्टॅम्प ड्युटीसाठी ठरवलेला सरकारी दर आहे. करारातली किंमत आणि हे सरकारी मूल्य यांपैकी जे जास्त, त्यावर ड्युटी भरावी लागते. २०२३ आणि २०२४ मध्ये हे दर वाढवलेच नाहीत, थेट १ एप्रिल २०२५ ला वाढवले. त्या दोन वर्षांत बाजार थांबला होता का? रेकनरचा उपयोग एवढाच, की सौदा त्याच्या खाली गेला तर ड्युटी वरच्या आकड्यावर बसते. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर प्राप्तिकराचाही प्रश्न येतो.

तिसरी पायरी: नोंदलेले दस्त शोधा

त्याच संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे किंवा सीटीएस (शहर भूमापन) नंबर टाकला की त्या नंबरावरचे दस्त दिसतात. साइट अडते, कॅप्चा दोनदा टाकावा लागतो, चिकाटी ठेवा. आपल्याच सोसायटीतले दस्त सगळ्यांत मोलाचे, त्यानंतर रस्त्यापलीकडची त्याच वयाची इमारत. सहा-सात दस्त पुरतात.

यादीत बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, चूक दुरुस्तीपत्र असंही येतं, ते सोडून द्या. बिल्डरकडून घेतलेल्या नव्या फ्लॅटचे करारही रीसेलशी जुळवू नका. ज्या दस्तात मोबदला आणि सरकारी मूल्य रुपयापर्यंत सारखं आहे, तोही मी वगळते. तिथे खरा व्यवहार कागदावर आलेला नसण्याची शक्यता मोठी. (घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रक्कम रोखीत घेणं २०१५ पासून कायद्याने बंद आहे. "थोडं वरून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.)

चौथी पायरी: सगळं कार्पेटवर आणा

माझं सगळ्यांत मोठं नुकसान या पायरीवर झालं, आणि ते मावशीच्या पैशांचं झालं.

२०१९ मध्ये मावशीचा कोथरूडचा फ्लॅट विकायचा होता. तिच्या इमारतीतले दस्त मी काढले. त्यातल्या सगळ्यांत ताज्या दस्तात मोबदला ८४ लाख आणि क्षेत्रफळाच्या रकान्यात ७८.०४ चौ. मीटर. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की फूट मिळतात. आले ८४० फूट, म्हणजे दहा हजार रुपये फूट. मावशीच्या करारनाम्यात ६४० फूट कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र होतं. मी ६४ लाख सांगितले. पहिल्याच रविवारी आलेल्या माणसाने घासाघीस न करता टोकन दिलं. मला आनंद झाला. व्यवहार पुरा झाल्यावर एका संध्याकाळी फाइल आवरताना त्याच इंडेक्स टूचा चौथा रकाना मी पहिल्यांदा नीट वाचला. तिथे सदनिका क्रमांक, माळा, इमारतीचं नाव या सगळ्याच्या शेवटी "इतर माहिती" म्हणून बारीक अक्षरांत लिहिलं होतं: बिल्टअप क्षेत्र ७८.०४ चौ. मी., म्हणजे कार्पेट ६५.०३ चौ. मी., सोबत एक पार्किंग.

६५.०३ चौरस मीटर म्हणजे ७०० फूट. ८४ लाखांना ७०० ने भागा. दर बारा हजार होता. मावशीच्या ६४० फुटांचे ७६ लाख ८० हजार व्हायला हवे होते. साडेबारा लाखांच्या वर रक्कम गेली, एक रकाना न वाचल्यामुळे. मावशी एका शब्दाने बोलली नाही, पण तेव्हापासून मी चौथा रकाना वाचल्याशिवाय भागाकार करत नाही.

तर आता नीट ऐका. इंडेक्स टूच्या पाचव्या रकान्यात बहुतेक वेळा नुसता आकडा आणि "चौ. मीटर" एवढंच असतं. तो कार्पेट की बिल्टअप, हे तिथे कळत नाही. ते चौथ्या रकान्यात असतं. तिथेही नसेल तर तो दस्त सोडा किंवा मूळ करारनाम्याची प्रत मिळवा. अंदाजाने धरू नका.

कार्पेटचाही एकच अर्थ नाही. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन आणणाऱ्या कायद्याप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. महाराष्ट्रात हा कायदा मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्याआधीच्या करारनाम्यांत बाल्कनी कार्पेटमध्ये मिळवलेली पुष्कळदा दिसते. बिल्टअप म्हणजे बाहेरच्या भिंतीही धरून, जुन्या हिशोबात कार्पेटच्या १.२ पट. आणि "सेलेबल" किंवा "सुपर बिल्टअप" म्हणजे त्या वेळी बिल्डरने जिना, लॉबी, पॅसेज मिळवून जे धरलं ते. एकाने कार्पेटवर २५ टक्के चढवले, दुसऱ्याने ४०. सेलेबलचा दर दुसऱ्या इमारतीशी जुळवणं हे निव्वळ चुकीचं आहे. एजंट मात्र आजही सेलेबलमध्येच बोलतात. "ताई, इथे साडेआठ हजाराचा रेट चाललाय" असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो, कशावर?

पुण्यातल्या जुन्या फ्लॅटना टेरेस असते, तिचा वेगळा विचार करा. दहा बाय दहाच्या उघड्या टेरेसला मी खोलीच्या दराच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त धरत नाही. तिच्यावर पत्रा टाकून खोली केलेली असेल तरीही टेरेसच धरते, कारण मंजूर नकाशात ती टेरेस आहे आणि कर्ज देणारी बँक नकाशा पाहते.

आणखी एक फसवणूक तिसऱ्या रकान्यात आहे. त्याचं नावच "बाजारभाव" आहे. पण तिथे छापलेला आकडा रेडी रेकनरचं मूल्य असतं. प्रत्यक्ष दिलेले पैसे दुसऱ्या रकान्यात, "मोबदला" या नावाखाली. शिकलेली माणसं तिसऱ्या रकान्यावरून आपल्या घराची किंमत काढून बसलेली मी पाहिली आहेत.

तारखाही बघा. दस्त करून दिल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत चार महिन्यांपर्यंत अंतर असू शकतं. भाव ठरतो करून देण्याच्या आधी.

सगळे दर कार्पेटवर आले की चढत्या क्रमाने लिहा आणि मधला उचला. सरासरी काढू नका. एखादा अडचणीत विकलेला किंवा हौसेने घेतलेला फ्लॅट सरासरी बिघडवतो.

पाचवी पायरी: तुमच्या फ्लॅटपुरतं कमी-जास्त

जे आधीच भावात आलं आहे ते पुन्हा मिळवू नका. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या शेजारच्या दस्तांत मेट्रो मोजलेलीच आहे. तीच गोष्ट शाळा, मंडई आणि पाण्याची. फक्त तुमचा फ्लॅट आणि ते फ्लॅट यांतला फरक धरा.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला खरोखर स्वस्त जातो, कारण घेणाऱ्याच्या घरात म्हातारं माणूस असतंच. पार्किंगचं सोसायटीचं पत्र हातात हवं. रेराच्या आधीच्या इमारतींत बिल्डरला स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधलं) पार्किंग वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. त्यामुळे "मी त्याचे पैसे भरले होते" याला अर्थ नाही. भोगवटा पत्र नसेल तर कर्जावर घेणारे बहुतेक लोक गळतात, आणि उरलेले भाव पाडून मागतात.

इंटिरिअरचे पैसे परत येत नाहीत. चौदा लाखांचं फर्निचर घेणाऱ्याला आवडलं तर तो लवकर हो म्हणेल, एवढंच.

पुनर्विकासाचं मात्र काळजीने बघा. चाळीस वर्षांच्या इमारतीत किंमत भिंतींची नसते, खालच्या जमिनीतल्या हिश्श्याची असते. म्हणून कन्व्हेयन्स झालं आहे का (जमीन सोसायटीच्या नावावर आली आहे का), प्लॉट केवढा, समोरचा रस्ता नऊ मीटर आहे का, हे विचारा. रस्ता त्याहून अरुंद असेल तर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क) सहसा मिळत नाही आणि बिल्डरला रस राहत नाही. विकसन करारनामा नोंदवला गेला असेल तरच मी त्याचे पैसे धरते. सर्वसाधारण सभेत तीन बिल्डर येऊन सादरीकरण करून गेले, याचा एक रुपयाही धरत नाही. अशा आशेवर पाच-पाच वर्षं फ्लॅट अडकवून बसलेली कुटुंबं माझ्या माहितीत आहेत.

सहावी पायरी: आकडा सांगा

मधल्या दराच्या वर तीन-चार टक्के सांगा, त्याहून जास्त नको. बँकेच्या पॅनेलवरचा मूल्यांकनकार घेणाऱ्याच्या कर्जाच्या वेळी येईलच. तुमच्या दस्तांची यादी त्याला दाखवा.

मग फोन मोजा. सहा आठवड्यांत बघायला माणसं आली आणि कुणीच आकडा बोललं नाही, तर किंमत जास्त आहे. पहिल्याच रविवारी कुणी घासाघीस न करता टोकन काढलं, तर ते घेण्याआधी चौथा रकाना पुन्हा वाचा.