स्पॅम रेट शून्य दिसला तर लगेच खूश होऊ नका

मी नवी पेठेतल्या एका स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे मेल सांभाळते. टेस्ट सिरीजच्या आदल्या संध्याकाळी एका मुलाचा फोन आला, "मॅडम, लिंकचा मेल आलाच नाही." म्हटलं, स्पॅममध्ये बघ. जरा वेळाने म्हणाला, "हो, आहे इथे. आणि तुमचे अजून अकरा पण आहेत."

त्याच आठवड्यात मी क्लासच्या सरांना गूगल पोस्टमास्टर टूल्सचा (आपल्या मेलचं जीमेलवर काय होतं हे पाठवणाऱ्याला दाखवणारं गूगलचं साधन) आलेख मोठ्या कौतुकाने दाखवला होता. स्पॅम रेट, म्हणजे किती टक्के मेलवर लोकांनी स्पॅमचं बटण दाबलं तो दर, ०.०%. सर म्हणाले, "वा, शून्य म्हणजे उत्तमच की!" मलाही तसंच वाटलं होतं.

गोम भागाकारात आहे. जीमेल हा दर काढताना तुम्ही पाठवलेल्या सगळ्या मेलनी भागत नाही, इनबॉक्सात पोचलेल्या मेलनी भागतं. दहा हजार मेल इनबॉक्सात गेले आणि तीस जणांनी स्पॅमचं बटण दाबलं तर ०.३%. पण मेल परस्पर स्पॅम फोल्डरमध्येच पडले तर बटण दाबणार कोण? तक्रार नाही, दर शून्य. मी आलेख मागे नेऊन पाहिला तेव्हा कळलं, दोन महिन्यांपूर्वी तो ०.४ ते ०.६ मध्ये उड्या मारत होता आणि मग एकदम सपाट झाला होता. त्याच सुमाराला जीमेलवाल्या मुलांचे मेलमधल्या लिंकवरचे क्लिकही आटले होते. म्हणून हा आकडा एकटा कधी वाचू नका, शेजारी क्लिकचा आकडा घेऊन बसा. दर आणि क्लिक दोन्ही एकदम खाली आले तर समजा, तुमचा मेल स्पॅममध्ये जातोय.

आता मुळापासून. पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन (मेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग) घालायच्या आधी एक साधी गोष्ट तपासा. स्वतःच्या जीमेलवर क्लासचा मेल उघडा आणि पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबा. तिथे 'मेल्ड-बाय' आणि 'साइन्ड-बाय' अशा ओळी दिसतात. साइन्ड-बायपुढे तुमचं डोमेन हवं. आमच्याकडे तिथे मेल पाठवणाऱ्या सेवेचं डोमेन होतं, त्यामुळे सुरुवातीचे पंधरा दिवस मी रिकामा आलेख बघत बसले होते. स्पॅम रेटमध्ये डीकिमची सही (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय हे पटवणारी डिजिटल सही) जुळलेलेच मेल मोजले जातात. तेव्हा आधी त्या सेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या डोमेनची डीकिम सही चालू करा, मगच पोस्टमास्टरकडे वळा.

तिथे डोमेन घातलं की एक टेक्स्ट रेकॉर्ड मिळतो, तो डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी जिथे असतात तिथे) टाकायचा आणि व्हेरिफाय दाबायचं. तो रेकॉर्ड नंतर काढू नका. आमच्या वेबसाइटवाल्याने "साफसफाई" करताना उडवला होता. मुख्य डोमेन एकदा व्हेरिफाय झालं की सबडोमेन (त्याच डोमेनच्या पुढे एक शब्द लावून केलेला उपपत्ता) वेगळं व्हेरिफाय न करता जोडता येतं. मी फीच्या पावत्या आणि टेस्टच्या लिंक एका सबडोमेनवरून, नव्या बॅचच्या जाहिराती दुसऱ्यावरून पाठवते, म्हणजे दोघांचे आलेख वेगळे दिसतात. मेल फार थोडे जात असतील तर आलेख कोराच राहील, तो तुमचा दोष नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलला दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवत असाल तर एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्यांची यादी), डीकिम, डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही हवेत आणि जाहिरातीच्या मेलला एका क्लिकचं अनसबस्क्राइब हवं. दर ०.३% च्या आत ठेवण्याची अट मात्र लहान-मोठ्या सगळ्यांना आहे, आणि गूगल स्वतः सांगतं की ०.१% च्या खाली राहा. मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्याचा दर ०.३ च्या वर गेला तर तो सलग सात दिवस खाली येईपर्यंत गूगलकडे दाद मागायचीही सोय नाही. पोस्टमास्टरमधल्या कंप्लायन्स स्टेटसच्या पानावर कोणत्या अटीत तुम्ही नापास आहात ते सरळ लिहिलेलं असतं. आमचं एका क्लिकचं अनसबस्क्राइब तिथेच नापास निघालं, कारण लिंक मेलच्या तळाशी होती पण हेडरमध्ये (मेलसोबत जाणाऱ्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींत) काहीच नव्हतं. दोन हेडर लागतात, लिस्ट-अनसबस्क्राइब आणि लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट. सेवेला सांगितलं की ते लावून देतात.

तक्रार कुणी केली हे जीमेल कधीच सांगत नाही. कोणत्या मेलवर झाली हे मात्र काढता येतं. प्रत्येक मोहिमेच्या मेलला फीडबॅक-आयडी नावाचं हेडर लावायचं आणि त्यात मोहिमेची खूण घालायची. मेल पुरेसे असले तर त्या खुणेप्रमाणे दर वेगळा दिसतो. आमचा चोर असाच सापडला. सरांनी तीन वर्षांपूर्वीच्या चौकशीच्या रजिस्टरवरून एक्सेल करून दिली होती आणि "फाउंडेशन बॅच"चे मेल त्या यादीला जात होते. त्यातले काही जण एव्हाना पीएसआय होऊन ड्यूटीवर होते. त्यांनी स्पॅम दाबलं, बरोबरच केलं.

याहूचं उलट आहे. त्यांच्या सेंडर हबमध्ये (मेल पाठवणाऱ्यांसाठीच्या साइटवर) फीडबॅक लूप नावाच्या तक्रारी कळवणाऱ्या सोयीला डोमेन नोंदवलं की प्रत्येक तक्रारीचा अहवाल मेलने येतो. आला की तो पत्ता त्याच दिवशी यादीतून काढायचा, "एक शेवटचा मेल" वगैरे पाठवायचा नाही. मायक्रोसॉफ्टचं असंच साधन एसएनडीएस, ते डोमेनवर नाही तर आयपीवर (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर) चालतं आणि हिरवा, पिवळा, लाल असे रंग दाखवतं. हिरवा म्हणजे १०% पेक्षा कमी मेलना त्यांच्या फिल्टरने स्पॅम ठरवलं, लाल म्हणजे ९०% च्या वर. पण आयपी तुमचा स्वतःचा नसेल, सेवेचा सामायिक असेल, तर यात वेळ घालवू नका. आउटलुकवर एक खातं उघडा आणि प्रत्येक मेल त्यालाही पाठवा, कुठे पडला ते डोळ्यांनी बघा. काही पालकांचे पत्ते अजून रेडिफचे आहेत, म्हणून तिथेही माझं एक खातं आहे.

दुरुस्तीला आम्ही जाहिराती पूर्ण थांबवल्या. आधी फक्त गेल्या तीस दिवसांत क्लिक केलेल्या मुलांना, मग साठ, मग नव्वद, असं वाढवत गेलो. दर ०.१ च्या वर सरकला की एक पायरी मागे. सकाळी चहाबरोबर आलेख बघते, पण आकडे एक-दोन दिवस मागचे असतात, म्हणून मोठा मेल गेल्यावर तीन दिवस तरी दुसरा मोठा मेल लावत नाही. ती जुनी एक्सेल मी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली आहे. बॅच भरत नाही म्हटलं की सर अजून विचारतात, "त्या यादीला एकदा पाठवून बघायचं का?"