मज्जारज्जूतील हिमॅन्जिओब्लास्टोमा: निदान आणि शस्त्रक्रियेचा क्रम

हातापायांना मुंग्या येणे, अंघोळीचे पाणी गरम की गार हे एका हाताला न कळणे, अंधारात चालताना तोल जाणे अशा सावकाश वाढणाऱ्या तक्रारींचे खापर मुंबईत बहुधा लोकलच्या धक्क्यांवर नाहीतर मणक्यातल्या चकतीवर फुटते. पण त्यांमागे हिमॅन्जिओब्लास्टोमा, म्हणजे मज्जारज्जूतील रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ, असू शकते; म्हणून केवळ कमरेच्या एमआरआयवर समाधान मानू नये. संशय असेल तर संपूर्ण मणक्याचा आणि मेंदूचा, कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचे, गाठ उजळून दाखवणारे औषध) देऊन केलेला एमआरआय मागावा. त्याआधी मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

चित्रात बहुधा मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला लहानशी, कॉन्ट्रास्टने लखलखणारी गाठ, तिच्या मानाने कितीतरी लांब द्रवाची पोकळी आणि शेजारी वळवळत गेलेल्या काळ्या रेषा, म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्या, दिसतात. अशा गाठीची बायॉप्सी टाळावी, कारण तुकडा काढताना होणारा रक्तस्राव आवरणे अवघड जाते.

यानंतरची पायरी घाईत राहून जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. काही रुग्णांत ही गाठ व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक विकाराचा भाग असते. म्हणून डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, स्वादुपिंड आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी तपासाव्यात. अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे रक्तदाब चढवणारी संप्रेरके सोडणारी गाठ, लपलेला असेल तर भूल देताना रक्तदाब एकाएकी जिवावर बेतेल इतका चढू शकतो, त्यामुळे त्या संप्रेरकांचा माग काढणारी मेटानेफ्रिनची तपासणी झाल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख पक्की करू नये.

लक्षणे नसलेली, न वाढणारी गाठ नियमित एमआरआय करून नजरेखाली ठेवता येते. लक्षणे सुरू झाली असतील तर मात्र थांबू नये; गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नसते.

शस्त्रक्रियेत गाठ आतून पोखरून लहान करायची नसते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या कडेकडेने फिरत आधी रक्त आणणाऱ्या धमन्या बंद करायच्या, गाठ सोडवत न्यायची आणि रक्त वाहून नेणारी मोठी नीला अगदी शेवटी कापायची. ती आधी कापली गेली तर गाठ फुगते आणि रक्त थांबत नाही. पंचाईत अशी की इथे नीलाही लालभडक दिसते. अशा वेळी इंडोसायनिन ग्रीन हे चमकणारे रंगद्रव्य शिरेत टोचून रक्त आधी कुठल्या वाहिनीत चमकते ते पाहतात. पोकळी वेगळी उघडावी लागत नाही, गाठ पूर्ण निघाली की ती सहसा आपोआप आटते.

शल्यचिकित्सकांना दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: अशा गाठी त्यांनी पूर्वी काढल्या आहेत का, आणि शस्त्रक्रिया चालू असताना नसांचे संदेश मोजणारे न्यूरोमॉनिटरिंग असेल का. खर्चाची काळजी असल्यास रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधीच करावी.

शस्त्रक्रियेनंतर काही काळ बधिरपणा वाढल्यासारखा वाटतो; फिजिओथेरपी त्यासाठी थांबवू नये. पुढे दीर्घ पुनर्वसन लागलेच, तर हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत विचारणा करता येते. आनुवंशिक विकार सिद्ध झाल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता 50 टक्के असते, म्हणून मुलांची जनुकीय चाचणी आणि नेत्रतपासणी तक्रार नसली तरी लहानपणीच सुरू करावी.