सरकारी खर्चाला शिस्त लावताना या चुका टाळा: स्लोव्हाकियाचा अनुभव

तिजोरीत खडखडाट झाला की पहिला फतवा निघतो सरसकट कपातीचा. सगळ्या खात्यांचे दहा टक्के कापा! उधळ्या खात्याला यात ओरखडाही येत नाही, काटकसरीने चालणारं मात्र गळपटतं. आणि पुढच्या वर्षी सगळेच मागणी फुगवून आणतात. युरोपातल्या जेमतेम 54 लाख वस्तीच्या स्लोव्हाकियाने 2016 मध्ये वेगळी वाट धरली. अर्थ मंत्रालयात पैशाचा मोबदला तपासणारा स्वतंत्र विभाग काढला आणि आरोग्य, वाहतूक, आयटी या तीन क्षेत्रांपासून सुरुवात केली. किती खर्चलं यापेक्षा त्यातून काय मिळालं, हे तपासायचं होतं.

निविदा ‘प्रसिद्ध’ झाली म्हणजे स्पर्धा झाली, असं समजू नका. 2007 मध्ये तिथल्या बांधकाम मंत्रालयाने कोट्यवधी युरोंच्या कामाची निविदा लावली ती मंत्रालयातल्याच सूचनाफलकावर, जिथे बाहेरचा माणूस फिरकतही नाही. कागदोपत्री सगळं चोख! 2009 मध्ये मंत्र्याचं पद गेलं.

त्यानंतरचा उपाय मला फार हुशारीचा वाटतो. 2011 पासून सरकारी करार ऑनलाइन नोंदवहीत चढल्याशिवाय लागूच होत नाही. तीन महिन्यांत चढला नाही तर तो झालाच नाही असं धरतात. त्यामुळे करार प्रसिद्ध व्हावा म्हणून ठेकेदारच मागे लागतो. तरी नुसत्या प्रसिद्धीवर विसंबू नका. 2014 मध्ये तिथल्या पिएश्त्यानी शहरातल्या रुग्णालयाने सीटी स्कॅनर चढ्या भावाने घेतल्याचा आरोप झाला. आरोग्यमंत्री आणि संसदेचे सभापती, दोघांनाही पायउतार व्हावं लागलं. करार उघडे असले तरी भाव ताडून पाहणारं कुणीतरी लागतं.

तपासणी शेवटी ठेवणं ही सर्वांत महागडी चूक. काम झाल्यावरच्या लेखापरीक्षणातून पैसा क्वचितच परत येतो. म्हणून 2016 च्या नियमांत 4 कोटी युरोंवरचे प्रकल्प (आयटीत 1 कोटीवरचे) आधीच तपासायचे ठरले. मर्यादा पुढे बदलत गेल्या. अर्थ मंत्रालयाच्या त्या विभागाचा अभिप्राय बंधनकारक नसतो, पण तो जाहीर होतो, त्यामुळे डावलणाऱ्या मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं.

एवढं करूनही फरक दिसत नसेल तर तीन ठिकाणी पाहा. अभिप्राय निविदा निघाल्यावर येतोय का? मर्यादा चुकवायला एकाच कामाचे तुकडे पाडलेत का? आणि अहवालातली बचत अर्थसंकल्पात त्या खात्याच्या आकड्यातून खरोखर वजा झाली का?