संगीत नाटकात भूमिका बदलताय? या चुका टाळा

उत्सवाचे दिवस जवळ आले की आपल्याकडे गावोगाव तालमी सुरू होतात, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळात तोच वाद पेटतो. अमकीची भूमिका काढली, तमकीला दिली. गेली 22 वर्षं मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या हौशी मंडळांच्या साथीला ऑर्गनवर बसतो. तालमीच्या खोलीत साथीदार कोपऱ्यात असतो, त्यामुळे दोन्ही बाजू त्याच्यासमोर मोकळेपणी बोलतात. इतकी वर्षं ते ऐकून माझं मत पक्कं झालंय: भूमिका बदलण्यात काही वाईट नाही. मंडळं फुटतात ती बदल कसा केला यामुळे, आणि प्रयोग पडतो तो बदलाची तयारी न केल्यामुळे.

फलकावरून कळू देणं

काही वर्षांपूर्वी एका मंडळाचं ‘सौभद्र’ हे संगीत नाटक होतं. सुभद्रा करणारी बाई 11 वर्षं ती भूमिका करत होती. गळा उत्तम, पण तार सप्तकात आवाज थकायला लागला होता. ते आम्हाला कळत होतं आणि तिलाही. कमिटीनं दुसरी मुलगी ठरवली, तालीमही घेतली. मंडळातल्या सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक होती, फक्त तिला कुणी सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी सांगेल. देवळाच्या कमानीजवळ उत्सवाचा फलक लागला, ती फुलं आणायला गेली होती आणि तिथं सुभद्रेच्या नावापुढे तिनं दुसरंच नाव वाचलं.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. हातात फुलांची पुडी तशीच होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, “म्हाका सांगिल्लें जाल्यार हांवेंच तिका पदां शिकयिल्लीं.” मला सांगितलं असतं तर मीच तिला पदं शिकवली असती.

ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. तिच्याकडे 11 वर्षांचं काम होतं: कुठल्या वाक्यावर श्वास घ्यायचा, नारदाच्या प्रवेशानंतर प्रेक्षक किती वेळ हसतात, पदाचा उठाव वाक्य संपायच्या किती आधी मनात धरायचा. यातलं काहीच नव्या मुलीला मिळालं नाही. त्या बाईनं मंडळ सोडलं. तिच्यामागून तबलजीही गेला, तो तिचा दीर होता.

म्हणून आधी घरी जा. दिग्दर्शकानं स्वतः जायचं, सोबत मंडळातलं एखादं वडीलधारं माणूस घ्यायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही, आणि फोनवर तर मुळीच सांगायचं नाही. नवं नाव बाहेर जाण्याआधी जुन्या नटाला ते कळलं पाहिजे, आणि खरं कारण कळलं पाहिजे. “कमिटीनं ठरवलं” हे कारण नव्हे. आवाजाचं असेल तर आवाजाचं सांगा, तालमींना न येण्याचं असेल तर तेच सांगा. आणि त्याच बैठकीत “तुम्ही रुक्मिणी करा ना” असं म्हणू नका. दोन दिवस जाऊ द्या. ताज्या जखमेवर दुसरी भूमिका ठेवली की ती भीक वाटते.

चेहरा बदलला, पट्टी तीच ठेवली

गद्य नाटकात नट बदलला तर संवाद आणि हालचाली बसवल्या की काम भागतं. संगीत नाटकात नट बदलला की सूर बदलतो, आणि सुराबरोबर साथीची सगळी मांडणी बदलते. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती फक्त साथीदारांना दिसते.

वरच्याच प्रयोगाचं उदाहरण घेतो. जुनी सुभद्रा काळी चारमध्ये गायची, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा तिचा सा. गायकाच्या या मूळ सुरालाच आम्ही पट्टी म्हणतो. अर्जुन काळी एकचा. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, त्यामुळे काळी चारला लावलेला एकच तबला दोघांना चालायचा: तिला षड्ज (सा), त्याला पंचम (प). नऊ-दहा वर्षं कुणाला याचा विचारच करावा लागला नव्हता. नवी मुलगी काळी तीनची. आता तो तबला दोन स्वरांनी उतरवला तर तो अर्जुनाला मध्यम (म) झाला, आणि पंचमाची अपेक्षा असलेल्या पदांत कानाला टोचायला लागला. शिवाय वरच्या सुराचा तबला तेवढा खाली आणला की बसका वाजतो. रंगीत तालमीत नवा तबलजी दर पदाआधी गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, हातोडी मारत होता आणि दोन्ही नट तोंडाकडे बघत उभे. उपाय सोपा होता, काळी तीनसाठी मोठ्या तोंडाचा वेगळा तबला बाजूला ठेवायचा. तो आम्ही आणला, पण प्रयोगाच्या आदल्या दिवशी.

पट्टी ठरवतानाही एक घोटाळा होतो. नवा गायक पहिल्या दिवशी येतो, गळा ताजा असतो, एक पद म्हणतो आणि आपण पट्टी लिहून ठेवतो. तसं करू नका. त्या भूमिकेतलं सगळ्यात अवघड पद घ्या आणि त्यातला सगळ्यात वरचा स्वर बघा. ‘वद जाऊ कुणाला शरण’ सुभद्रेला नाटकाच्या ओघात, अभिनय करून दमल्यावर म्हणायचं असतं, खोलीत चहा पिऊन नव्हे. पूर्ण नाटकाची एक तालीम झाल्यावर गळ्याला जी पट्टी सोसते तीच खरी. ती शोधण्यात एक संध्याकाळ जाते आणि पुढच्या दहा वाचतात.

ऑर्गनवाल्यालाही वेळ द्या. पट्टी बदलली की बोटं बदलतात. काळी चारला हातात बसलेलं पद काळी तीनला तसंच्या तसं वाजत नाही, नव्यानं बसवावं लागतं. प्रयोगाच्या चार दिवस आधी नट बदलणारे दिग्दर्शक साथीदारांना एका ओळीचा निरोप देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

“त्यांच्यासारखंच म्हण”

नव्या नटाला सगळे हाच सल्ला देतात. घरात जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग असतं, तो ते ऐकून पाठ करतो, अगदी खाकरण्यासकट.

‘मानापमान’ 1911 साली किर्लोस्कर मंडळी या नाटक कंपनीनं रंगमंचावर आणलं तेव्हा त्यातला नायक धैर्यधर नानासाहेब जोगळेकर करत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ते वारले, पण भूमिका थांबली नाही. पुढे केशवराव भोसल्यांचा धैर्यधर गाजला आणि आपल्या मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचाही. दीनानाथांनी 1918 साली बळवंत संगीत मंडळी काढली, आणि त्यांचा धैर्यधर लोकांना आठवतो तो त्यांच्या स्वतःच्या आक्रमक ढंगामुळे. जोगळेकरांसारखं गायले असते तर आज त्यांचं नाव घेताना आपण ‘मानापमान’ आठवलं नसतं. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये 1967 साली वसंतराव देशपांड्यांनी खाँसाहेब उभा केला. त्यांचे नातू राहुल देशपांडे 2010 साली त्याच भूमिकेत उभे राहिले. घरचाच गळा, तरी प्रेक्षकांनी तो खाँसाहेब राहुल यांचा म्हणूनच ऐकला.

तालमीत मी एवढंच सांगतो: चाल सोडू नकोस, जागा तुझ्या घे. चाल संगीतकाराची असते, तिला हात लावायचा नाही. हरकत, मुरकी अशी सुरांची छोटी वळणं आणि कुठे किती थांबायचं, हे गाणाऱ्याचं. जुनी रेकॉर्डिंग पहिल्या आठवड्यात ऐकायची आणि नंतर बंद ठेवायची.

गळ्याला झेपत नाही म्हणून पद कापणं

नव्या नटाला तीन पदं जमत नाहीत, मग ती गाळून टाका, असा निर्णय तालमीच्या खोलीत पाच मिनिटांत होतो. ‘सौभद्र’ 1882 सालचं, त्याच्यावर आता कुणाचा मालकी हक्क नाही. पण गोवा हिंदू असोसिएशननं 1964 साली आणलेलं ‘मत्स्यगंधा’ घ्या. नाटककार वसंत कानेटकर 2000 साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो. तेव्हा प्रयोगाची परवानगी घेताना, कापाकापी करायची असेल तर तीही विचारून घ्या. आणि तीन पदं झेपत नसतील तर त्या भूमिकेसाठी माणूस चुकला आहे, हे दिग्दर्शकानं आधी स्वतःशी मान्य करावं.

“ही भूमिका आमच्या घराची”

देवस्थानच्या उत्सवात हा प्रश्न हमखास येतो. आजोबांनी केली, वडिलांनी केली, आता मुलानं करायची. या भावनेला मी हलकं मानत नाही. कित्येक गावांत अशा घरांमुळेच नाटक टिकलं. पण भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर मंडळीत शकुंतला-सुभद्रा करून गाजले आणि पुढे पुरुष भूमिकांकडे वळले. 1905 साली मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिले ते बालगंधर्व. एवढी मोठी माणसं भूमिका सोडून पुढे गेली. मुलाला गळा नसेल तर त्या घराला नांदीचा, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या स्तवनाचा, नारळ द्या, श्रेयनामावलीत आजोबांचं नाव घाला. सूर मात्र ज्याचा लागतो त्यालाच गाऊ द्या.

जाणाऱ्या नटाच्या चुका

सगळा दोष मंडळाचा नसतो. भूमिका गेली म्हणून पदांची वही घेऊन जाणारे नट मी पाहिलेत. त्या वहीत आवर्तनांच्या खुणा असतात, साथीला त्या लागतात. दुसऱ्या मंडळाची तारीख जास्त मानधनाची मिळाली म्हणून आठ दिवस आधी “बरं नाही” असा निरोप देणारेही आहेत. दुसरं काम घ्या, पण खरं सांगून आणि महिनाभर आधी सांगून. मानधन, प्रवासखर्च, तालमींचे दिवस आणि माघार घ्यायची मुदत एका कागदावर लिहून दोघांनी सही केली की निम्मे वाद सुरूच होत नाहीत. हौशी मंडळ असलं तरीही.

आणि नव्या नटाच्या पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून मान हलवू नका. स्टेजवरून ती रांग स्पष्ट दिसते.

प्रयोगाच्या दिवशीच बदल करावा लागला तर

घसा बसतो, ताप येतो, कुणाच्या घरी सुतक येतं. अशा वेळी दोन पात्रांची अदलाबदल करून तिढा वाढवू नका, एकच माणूस बदला. संवाद पाठ असलेल्यापेक्षा पदं पाठ असलेला माणूस घ्या, कारण संवाद विंगेतून पुरवता येतात, पद पुरवता येत नाही. प्रॉम्प्टर त्याच्याच बाजूच्या विंगेत उभा करा. पट्टी विचारा, तबलजीला लगेच कळवा. ताना गाळा, चाल साधी ठेवा. वन्स मोअर आला तरी त्या रात्री घेऊ नका.

नांदीच्या आधी कुणीतरी पडद्यापुढे जाऊन आजारी नटाचं नाव आदरानं घ्यावं आणि बदली आलेल्याचं नाव स्पष्ट उच्चारावं. क्षमा मागू नये, त्यानं नवा नट उभा राहण्याआधीच खचतो. मी त्याला सुरुवातीचा षड्ज नेहमीपेक्षा जरा लांब धरून देतो, विंगेत उभा असतानाच, म्हणजे पाऊल टाकताना सूर त्याच्या कानात असतो.