पोट्टं दहावी-बारावीत आहे अन् शाळेबाहेरचं काही शिकवायचंय? हे करून पहा

आधी एक सांगतो, पोराला "तुला काय बनायचंय बे" असं विचारू नका, त्याला काय माहीत, आपल्याला तरी कुठं माहीत होतं. त्यापेक्षा एका रविवारी नागपुरात गांधीसागर तलावाजवळच्या रमण सायन्स सेंटरला न्या अन् ते कोणत्या मशीनसमोर जास्त वेळ थांबतं तेवढं बघा, तिथून सुरुवात.

हातानं काम करायची आवड असेल तर आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. दहावी नापासलाही काही ट्रेड, म्हणजे तिथले कामाचे कोर्स, मिळतात, हे लय लोकांना माहीतच नसतं. आयटीआय झालं की खरी गंमत अप्रेंटिसशिपची, म्हणजे कंपनीत किंवा रेल्वेत काम शिकायचं अन् वर महिन्याला स्टायपेंड. नागपुरात दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं मोतीबाग वर्कशॉप आहे, तिथली भरती निघते तेव्हा दहावी अन् आयटीआयचे मार्क धरून मेरिट लावतात, म्हणून दहावीचे मार्क अगदीच सोडून देऊ नका. बाकी कंपन्यांसाठी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर फुकटात रजिस्ट्रेशन होतं, आधार, मार्कशीट, बँक पासबुक स्कॅन करून ठेवा अन् आधारवरचं नाव मार्कशीटशी जुळतं का ते आधीच बघा, माझ्या भाच्याचं तिथंच महिनाभर अडकलं होतं.

घरी बसून शिकायचं तर 'स्वयम', म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, कोर्स फुकट, सर्टिफिकेटच्या परीक्षेलाच फी.

अन् बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) कोणी "मिहानमध्ये, तिकडं विमानतळाजवळच्या कंपन्यांत, लावून देतो, पाच हजार दे" म्हणालं तर सरळ चालू पडा.