सुगंधी तेलं, अर्क आणि अँटिऑक्सिडंट चाचण्या : या चुका टाळा

अँटिऑक्सिडंट क्षमता तपासायला वापरतात त्या डीपीपीएच या मुक्त मूलकाच्या (फ्री रॅडिकलच्या) जांभळ्या द्रावणात नमुना पडतो, रंग उतरत उतरत पिवळा होतो, आणि पहिल्यांदाच चाचणी करणाऱ्याचा चेहरा खुलतो. इतकी वर्षं झाली, मलाही ते बघायला आवडतं. पण त्यानंतर माझ्यासमोर ज्या वह्या येतात त्यांत दरवेळी त्याच चुका असतात, आणि आता त्यांचा खरंच कंटाळा आलाय. वनस्पती मेहनतीनं जमवलेली असते, महिने गेलेले असतात, आणि आकडे टाकून द्यावे लागतात. त्यातल्या ज्या चुका मला सगळ्यात जास्त छळतात, त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

तेल वेगळं, अर्क वेगळा

एखादी वनस्पती अँटिऑक्सिडंट म्हणून नावाजलेली आहे असं कुठंतरी वाचायचं आणि लगेच क्लेव्हेंजरला, म्हणजे पाण्याच्या वाफेनं तेल काढायच्या काचेच्या उपकरणाला, पाला लावून तेल काढायला बसायचं, हा नेहमीचा प्रकार. रोझमेरीचं उदाहरण घ्या. तिचं नाव झालंय ते मुख्यतः कार्नोसिक आम्ल, कार्नोसॉल आणि रोझमारिनिक आम्ल यांच्यामुळे. ही संयुगं वाफेबरोबर वर येतच नाहीत. वर येतात सिनिओल, पायनीन, कापूर. कार्नोसिक आम्ल पाल्यातच अडकून राहतं, रोझमारिनिक आम्ल फ्लास्कमधल्या पाण्यात उतरतं, आणि तीन तासांनी मुलं तो पाला आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतून मोकळी होतात. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तेच गेलं! मी आता ते पाणी टाकूच देत नाही. गाळून, थंड करून ठेवायचं आणि तेलाच्या शेजारी त्याचीही चाचणी लावायची. उरलेल्या पाल्याचा मिथेनॉलमधला अर्क काढला तर आणखी उत्तम.

बरं, तेलं तरी सगळी सारखी कुठं असतात? लवंगेच्या तेलात युजेनॉलचं राज्य, ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर. दोन्ही फिनॉल. त्यांच्या ओएच गटावरचा हायड्रोजन डीपीपीएचला मिळतो आणि रंग उतरतो. लिमोनीन किंवा पायनीन जास्त असलेल्या तेलात असा फिनॉलचा हायड्रोजन नसतो, म्हणून जांभळा रंग जवळपास तसाच राहतो. यावरून 'तेल निकामी' असं लिहून मोकळं होऊ नका. गॅमा-टर्पिनीन डीपीपीएचपुढे फिकं पडतं, पण स्निग्ध पदार्थ खवट होण्याची साखळी अडवायला मदत करतं. एकाच चाचणीवर तेलाचा निकाल लावणं मला मान्य नाही. तेल तपासायचं असेल तर स्निग्धाम्लाचं ऑक्सिडीकरण मोजणारी एखादी चाचणी सोबत हवीच.

प्लास्टिकच्या प्लेटमध्ये नुसतं तेल

एका विद्यार्थिनीचे आकडे उलटे येत होते. लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल होतं. तेलाचं प्रमाण वाढवावं तसा प्रतिबंध, म्हणजे डीपीपीएचचा रंग किती टक्के उतरला तो आकडा, कमी व्हायचा, काही ठिकाणी तर उत्तर चक्क उणे. तिनं डीपीपीएच नवं केलं, मिथेनॉल बदललं, तीन आठवडे तेच तेच करत राहिली. शेवटी म्हणाली, "मॅडम, मशीनच बिघडलंय." मशीन तपासून घेतलं. काही बिघडलं नव्हतं.

मग मी म्हटलं, "माझ्यासमोर कर बघू." तिनं पॉलिस्टायरीनच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये आधी नुसतं तेल मायक्रोपिपेटनं सोडलं. कमी, जास्त, आणखी जास्त. पातळ करण्याची एक पायरी वाचावी म्हणून. मग एकेक ओळ करत मिथेनॉल आणि डीपीपीएच घालत गेली. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो दहाएक मिनिटं झाली. रीडिंग झाल्यावर मी प्लेट रिकामी केली, इथेनॉलनं धुतली, वाळू दिली आणि खिडकीच्या उजेडात धरली. जास्त तेलाच्या खळग्यांच्या तळाशी धुरकट कडी उमटली होती, काचेवर श्वास सोडल्यावर उमटते तशी. पुसली, जाईना. तीच रिकामी प्लेट ५१७ नॅनोमीटरला, म्हणजे डीपीपीएचचा रंग मोजतात त्या तरंगलांबीला, वाचली, तर नेमक्या त्याच खळग्यांची रीडिंग वर गेलेली.

लिमोनीन पॉलिस्टायरीन विरघळवतं. तीन आठवडे आम्ही अँटिऑक्सिडंट क्षमता मोजत नव्हतो, प्लेटचा गढूळपणा मोजत होतो. ती पोरगी मेहनती होती, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. एका पायरीची घाई सगळं घेऊन गेली.

माझी सवय अशी : तेल आधी काचेच्या नळीत मिथेनॉलमध्ये पातळ करायचं, आणि शक्यतो काचेच्या क्युव्हेटमध्येच (मशीनमध्ये ठेवायच्या चौकोनी नळीत) रीडिंग घ्यायचं. झाकण लावायचं, कारण ही तेलं उडतात आणि मिथेनॉलही उडतं. द्रावणात पाणी असेल तर तेल दुधाळ होतं, तेव्हा रीडिंगच्या आधी नळी उजेडात धरून बघायची. नुसत्या डोळ्यांना गढूळ दिसतंय ते मशीनला रंगच वाटणार.

हिरव्या अर्काचा ब्लँक

पानांच्या मिथेनॉल अर्कात हरितद्रव्य उतरतं, लाल-जांभळ्या फुला-फळांच्या अर्कात अँथोसायनिन. अर्काचा स्वतःचा रंग ५१७ ला थोडातरी शोषण दाखवतोच, आणि अँथोसायनिन तर तिथंच जोरात शोषतं. म्हणून प्रत्येक तीव्रतेला अर्क अधिक नुसतं मिथेनॉल, डीपीपीएच न घालता, असा वेगळा ब्लँक लागतो आणि त्याचं रीडिंग वजा करावं लागतं. 'एकच ब्लँक सगळ्यांना चालेल ना मॅडम?' नाही चालणार. नळ्या दुप्पट लागतात, वेळ दुप्पट जातो, आणि दुसरा रस्ता नाही.

डीपीपीएचचं वजन करतानाही घाई नको. ०.१ मिलिमोलर द्रावणासाठी १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम लागतं. एवढंसं वजन साध्या तराजूवर होत नाही. मी जास्त तीव्रतेचं द्रावण करून त्यातून पातळ करते, बाटलीला फॉइल गुंडाळते, आणि कंट्रोलचं, म्हणजे नमुना न घातलेल्या डीपीपीएचचं, रीडिंग रोज वहीत लिहायला लावते. आदल्या दिवसापेक्षा ते उतरलं असेल तर द्रावण टाकून द्यायचं.

रीडिंग तीस मिनिटांनी घ्यायच्या रिवाजाचंही तेच. अॅस्कॉर्बिक आम्लाचं काम बघता बघता आटोपतं, बीएचटी हे तुलनेसाठी घेतात ते कृत्रिम अँटिऑक्सिडंट मात्र तासन्तास रेंगाळतं. अर्ध्या तासाला दोघांची तुलना केली की बीएचटी बिचारं कमजोर ठरतं. निदान एकदा तरी वेळेनुसार आलेख काढा आणि तुमच्या नमुन्याची रेषा कधी सपाट होते ते बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात. आयसी-५०, म्हणजे पन्नास टक्के प्रतिबंधाला लागणारी तीव्रता, कमी म्हणजे क्षमता जास्त. हे उलटं लिहिलेले प्रबंध मी पाहिलेत. सगळ्या तीव्रतांना नव्वद टक्के प्रतिबंध येत असेल तर नमुना फार दाट आहे, त्या आकड्यांवरून आयसी-५० काढू नका. अॅस्कॉर्बिक आम्लाचं स्टँडर्ड त्याच दिवशी करा. एबीटीएस हा दुसऱ्या एका रंगचाचणीचा अभिकारक पर्सल्फेटबरोबर १२ ते १६ तास अंधारात ठेवायचा असतो, दुपारी मिसळून संध्याकाळी वापरायचा नसतो. लोहाचं क्षपण मोजणाऱ्या फ्रॅप चाचणीचं मिश्रण रोज ताजं. हायड्रॉक्सिल मूलकाच्या चाचणीत अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवू नका, डीएमएसओ स्वतःच ते मूलक पकडतं आणि श्रेय तुमच्या अर्काला जातं.

फोलिन-सिओकाल्टोच्या आकड्याला 'एकूण फिनॉल' म्हणतात खरं, पण तो अभिकारक फिनॉलपुरता थांबत नाही. अॅस्कॉर्बिक आम्ल, काही शर्करा, प्रथिनं यांनाही प्रतिसाद देतो. आवळ्यासारख्या नमुन्यात हा आकडा फुगलेला असणार हे धरूनच चाला. आणि आकडा कशाच्या प्रतिग्रॅम आहे, वाळलेल्या पाल्याच्या की सुक्या अर्काच्या, ते लिहा. ते लिहिलं नसेल तर मी तक्ता परत पाठवते.

प्रबंधाच्या शेवटी येणारं 'म्हणून ही वनस्पती कर्करोग टाळते' हे वाक्यही मी खोडते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे तर १८ टक्के जास्त आढळला. बीटा-कॅरोटीन तर जुनं, नावाजलेलं अँटिऑक्सिडंट. नळीतला रंग उतरला, एवढ्यावरून माणसाच्या शरीराबद्दल बोलायला माझं मन धजत नाही.

शेवटचं, साठवणीचं. अर्धी रिकामी बाटली म्हणजे तेलावर बसलेली हवा. लिमोनीनचं तेल असं ठेवलं की त्यातच हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात आणि ती त्वचेला अॅलर्जी देऊ शकतात. तेल निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडं करायचं, तपकिरी काचेच्या लहान कुप्यांत गळ्यापर्यंत भरायचं, चार अंशाला ठेवायचं, आणि प्रत्येक कुपीवर काढल्याची आणि उघडल्याची अशा दोन तारखा टाकायच्या. उघडल्याची तारीख नसलेल्या कुपीतलं तेल मी चाचणीला देत नाही.